दोन हात, दोन मुलं आणि सोळा तासांचं विमान

प्रश्न: माझं सासर जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात. यजमान वर्षभरापासून न्यू जर्सीत नोकरीला आहेत. आमच्या तिघांचे व्हिसे आलेत आणि मे महिन्यात मला मुलांना घेऊन तिकडे जायचंय. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, मुलगी तेव्हा साडेनऊ महिन्यांची असेल. मी आजवर विमानात बसलेले नाही आणि सोबतीला कोणी नाही. मुलगी अंगावर पिते, शिवाय दिवसातून एक-दोनदा पावडरच्या दुधाची बाटली लागते. मुंबईहून थेट विमान महाग आहे. आखातात विमान बदललं तर बरेच पैसे वाचतात. सासूबाई म्हणतात, निघताना जायफळ उगाळून चाटव, पोर झोपून राहील. मैत्रीण म्हणते, सर्दीचं सिरप दे. कोणाचं ऐकू? आणि मला एकटीला जमेल का?

उत्तर: ताई, जमेल. पण तयारी करताना एकच हिशोब सतत डोळ्यांसमोर ठेवा: मुलं दोन आणि हातही दोन. विमानात मुलं रडली तरी एका जागी असतात, दार बंद असतं, मदतीला माणसं असतात. तारांबळ उडते ती सांध्यांवर. गाडीतून उतरताना, सिक्युरिटीत, विमान बदलताना, उतरल्यावरच्या रांगेत. तिकीट, बॅग, कपडे, सगळं ठरवताना विचारा, की या वेळी माझा एक हात मोकळा राहील का? मुंबई विमानतळाच्या दारावर तिकीट आणि पासपोर्ट पाहून आत सोडतात. सोडायला आलेली घरची माणसं तिथूनच मागे फिरतात, आणि तुमचा हिशोब तिथे सुरू होतो.

आधी औषधांचं, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. जायफळ नको आणि सिरपही नको. सासूबाईंचा हेतू मायेचाच आहे, त्यांना दुखवू नका. पण जायफळातलं मिरिस्टिसिन जास्त गेलं तर गुंगीऐवजी अस्वस्थपणा येतो, तोंड सुकतं, छातीत धडधडतं. आणि साहाणेवर किती वेढे म्हणजे बाळाला किती मात्रा, हे कोणालाच मोजता येत नाही. सर्दीच्या सिरपचंही तसंच. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा बाटलीवर छापायला भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलंय. काही मुलं अशा औषधाने झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, काहींचा श्वास मंदावतो. आणि तुम्ही असणार ३५,००० फुटांवर, जिथून दवाखाना कित्येक तास दूर.

जवळ ठेवायचं औषध म्हणजे पॅरासिटामॉल, तेही ताप किंवा कानदुखी असेल तरच. मात्रा वजनावर ठरते: दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, २४ तासांत जास्तीत जास्त ४ वेळा. मुलगी ८ किलोची असेल तर एका वेळी १२० मिलिग्रॅम. आता इथे घोटाळा होतो तो नीट समजून घ्या. सिरपच्या काही बाटल्यांत ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम असतं, काहींत २५०. थेंबांच्या छोट्या बाटलीत तर १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे त्याच ८ किलोच्या बाळाला १२० च्या सिरपचे ५ मिली द्यायचे, पण थेंबांचे फक्त १.२ मिली. अंधारात, झोपेच्या भरात थेंबांच्या बाटलीतून ५ मिली गेलं, तर मात्रा चौपटीच्या वर जाते. म्हणून दोन मुलांसाठी दोन वेगळ्या बाटल्या नेऊ नका. एकच सिरप घ्या, दोघांची वजनं करून तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून दोघांचे मिली लिहून घ्या आणि तो कागद बाटलीलाच चिकटवा. सोबत ओआरएसची पाकिटं असू द्या. पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितकंच घालायचं, अंदाजाने नाही.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा. पहिली, मुलीला नऊ महिने पूर्ण होताच द्यायची गोवराची लस. ती निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी झालेली बरी, म्हणजे प्रवासापर्यंत तिचं बळ आलेलं असतं. दुसरी, निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी दोघांचे कान तपासून घ्या. कानात पू किंवा ताजा संसर्ग असेल तर तारीख पुढे ढकलायची का, हे तेच सांगतील.

आता तिकीट. आम्ही तुम्हाला थेट विमानच सुचवू. मुंबईहून साधारण १६ तास लागतात. आखातातून गेलात तर पहिलं विमान तीन-साडेतीन तासांचं, मधे थांबा, मग चौदा तासांच्या आसपास दुसरं विमान. पैसे वाचतात हे खरं, पण झोपलेल्या दोन मुलांना अर्ध्या रात्री उठवून लांबलचक वाटांनी चालवत न्यायचं, पुन्हा सिक्युरिटी, पुन्हा बूट, पुन्हा बाटल्या. सोबत दुसरं मोठं माणूस असतं तर आम्ही स्वस्त वाट सुचवली असती.

पैशांमुळे तीच वाट धरावी लागली, तर पूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी दोन तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. मधला थांबा तीन ते चार तासांचा बघा. दीड तासाचा थांबा दोन मुलांना घेऊन पुरत नाही. अबुधाबीहून जात असाल तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं. त्यासाठी थांब्यात वेळ हवा, पण न्यू यॉर्कला उतरल्यावर ती रांग राहत नाही, हा फायदाही मोठा आहे.

दोन वर्षांखालच्या बाळाचं मांडीवरचं तिकीट साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास आणि वर कर, असं पडतं. मुलाला मात्र स्वतंत्र सीट लागते. बाळासाठीही वेगळी सीट घेऊन त्यावर विमानात चालणारी कार सीट, म्हणजे लहान मुलांची पट्ट्यांची खुर्ची, बांधणं सगळ्यात सुरक्षित. अमेरिकेचं विमान प्रशासनही तसंच सुचवतं, कारण विमान जोरात हादरलं तर नुसत्या हातांनी बाळ धरून राहणं कठीण असतं. ते परवडत नसेल तर मांडीवरचं तिकीट आणि पाळणा.

हा पाळणा, म्हणजे बॅसिनेट, पुढे भिंत असलेल्या सीटसमोर लावतात. असे पाळणे थोडेच असतात. तिकीट निघालं की त्याच दिवशी कंपनीला फोन करून तो मागा, बाळाचं वजन आणि लांबी सांगा आणि मर्यादा विचारून घ्या. ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते. अनेक ठिकाणी १०-११ किलोच्या आसपास आणि ७० ते ७५ सेंटिमीटर. तुमची मुलगी मे महिन्यात या मापाच्या अगदी काठावर असेल, म्हणून हे आधी विचारायला हवं. पाळणा मिळाला तरी उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी, तसंच पट्टे बांधा असा दिवा लागला की बाळाला उचलून मांडीवर घ्यावं लागतं. या सीटच्या दोन अडचणीही सांगतो. दोन सीटांमधले हात टेकायचे दांडे वर होत नाहीत, म्हणून मुलाला तुमच्या मांडीवर पाय टाकून आडवं होता येत नाही. आणि समोर सीट नसल्याने पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत. उड्डाणाच्या वेळी सगळं वरच्या कप्प्यात जातं. तरीही पाळणा घ्याच. दोन तास जरी मुलगी त्यात झोपली, तरी तुमचे दोन्ही हात मुलासाठी मोकळे होतात.

वर गेलेल्या पिशवीवर उपाय म्हणजे एक छोटी कापडी थैली. तिच्यात दोन डायपर, ओल्या वाइप्सचं लहान पाकीट, बाळाचा एक कपडा, मुलाची पाण्याची बाटली, एक रिकामी प्लास्टिकची पिशवी. शौचालयात जातानाही एवढीच थैली न्यायची, कारण आत उभं राहायलाही जागा कमी असते. डायपर बदलायची फळी मोठ्या विमानांत काही शौचालयांत असते. ते कोणतं, हे बसल्या बसल्या विचारून ठेवा. तुम्हाला स्वतःला जायचं असेल तेव्हा केबिन क्रूला किंवा शेजारच्या बाईंना मुलांकडे दोन मिनिटं बघायला सांगा. त्यात संकोच बाळगू नका.

पाठीवर एक सॅक, गळ्यात कागदांची छोटी पर्स आणि छातीवर कॅरियरमध्ये मुलगी. याहून जास्त काही हातात नको. चाकांची बॅग चेक-इनला द्या. मुलासाठी हलकी घडीची बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते, तिथे ती खाली सामानात टाकतात. परत दारावर मिळणार की पट्ट्यावर, हे तिला चिठ्ठी लावतानाच विचारा. साडेतीन वर्षांचा मुलगा रात्री दोन वाजता चालायला कुरकुर करतो, तेव्हा ही गाडी कामाला येते. सिक्युरिटीत गाडी मशीनमधून जाते आणि मुलीला कॅरियरमधून काढायला सांगू शकतात. तिचे वाळे, चांदीचा करदोटा, साखळी घरीच काढून ठेवा. मशीन वाजलं की तपासणी लांबते आणि मागची रांग पाहून तुमचा जीव घाबरा होतो. तुम्हीही खिसे असलेला साधा पंजाबी ड्रेस आणि पटकन निघणाऱ्या चपला घाला.

सॅकमध्ये काय? घरातून निघाल्यापासून न्यू जर्सीच्या घरी पोचेपर्यंत दोन दिवस जातील, मुंबईत मुक्काम केलात तर जास्त. त्यातल्या विमानतळ ते विमानतळ या भागासाठी १४ डायपर आणि उशीर झाला तर म्हणून वर ४. मुलीचे तीन कपडे, मुलाचे दोन आणि तुमचा स्वतःचा एक. आया हा शेवटचाच विसरतात आणि बाळाची उलटी आईच्याच अंगावर होते. प्रत्येक जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरा. स्वच्छ जोड काढला की मळलेला त्याच पिशवीत जातो. मुलगा लघवीचं सांगत असला तरी त्या दिवसापुरता चड्डीसारखा डायपर घाला. दिवा लागला की अर्धा-अर्धा तास उठू देत नाहीत. विमानात गारठा असतो, म्हणून दोघांना सुती कपड्यांवर एकेक पातळ स्वेटर आणि पायमोजे हवेत. पॉवर बँक याच सॅकमध्ये ठेवा, चेक-इनमध्ये ती चालत नाही.

दुधाचं सांगायचं तर अंगावरचं दूध सगळ्यात सोपं. त्यासाठी तुम्ही पाणी पीत राहा, कारण विमानातली हवा फार कोरडी असते. पावडरचे सहा भाग घरीच मोजून छोट्या डब्यांत भरा. हातातल्या सामानात १०० मिलीहून मोठी पाण्याची बाटली नेता येत नाही, पण बाळाचं दूध, पाणी आणि खाणं प्रवासाला लागेल इतकं नेता येतं. फक्त ते वेगळं काढून "बाळाचं आहे" असं सांगायचं. थर्मासमध्ये उकळलेलं पाणी घ्या. पावडर गरम पाण्यातच, साधारण ७० अंशाला कालवावी, मग बाटली थंड पाण्याच्या ग्लासात धरून निववावी आणि मनगटावर थेंब टाकून पाहावी. तयार दूध दोन तासांच्या आत द्या. तोंड लावलेलं उरलं तर तासाभराने फेकून द्या. थर्मास संपला तर क्रूकडे बंद बाटलीतलं पाणी मागून तेच तापवून मिळतं का, ते विचारा.

आणखी एक बारीक गोष्ट. वर गेल्यावर केबिनमधल्या हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे पाऊणपट होतो. खाली घट्ट लावलेल्या सिपरमध्ये मात्र जमिनीवरचाच दाब कोंडलेला असतो. नळी उघडली की पाणी कारंज्यासारखं अंगावर उडतं. आधी झाकणाचा आटा किंचित सैल करून हवा जाऊ द्या, मग नळी उघडा. दुधाची बाटली आणि थर्मास यांनाही हेच लागू.

याच दाबामुळे कान दुखतात आणि ते चढताना कमी, उतरताना जास्त. कान आणि घसा जोडणारी नळी बाळांमध्ये अरुंद आणि आडवी असते, ती गिळताना उघडते. त्यामुळे उपाय सोपा आहे, फक्त वेळ साधायला हवी. विमान उतरायच्या दीड तास आधीपासून मुलीला पाजू नका, म्हणजे तिला भूक राहील. खाली यायला सुरुवात होते, साधारण अर्धा तास आधी, तेव्हा तिला उठवा आणि अंगावर घ्या. झोपलेलं बाळ कमी गिळतं, म्हणून "झोपलीय तर झोपू दे" असं या एका वेळी करू नका. पाजताना डोकं उंच ठेवा. मुलाला नळीने घोट घोट पाणी द्या. सर्दी असेल तर त्याआधी अर्धा तास नाकात सलाइनचे थेंब टाका.

मुलाच्या खाण्यासाठी दशम्या घ्या. दुधात भिजवलेल्या दशम्या दिवसभर मऊ राहतात आणि सांडत नाहीत. मुलीला शिजवून गार केलेलं खिमट पहिल्या काही तासांपुरतंच, मे महिन्यात ते लवकर आंबतं; पुढे तयार पाकिटातलं खाणं. केळी तर आपल्या घरचीच, मऊ आणि दोघांनाही चालणारी. मात्र ती विमानातच संपवा. अमेरिकेत ताजी फळं नेता येत नाहीत, पिशवीत चुकून एक केळं राहिलं तरी अडवतात. सासूबाई निघताना आंबे देतील, तेही नकोत. कच्चे तांदूळ आणि हरभरेही नेऊ नका. धान्यातल्या खपरा किड्यामुळे भारतातून येणाऱ्या प्रवाशांना ते आणायला बंदी आहे. बिबड्या, कुरडया, लोणचं चेक-इन बॅगेत भरा आणि फॉर्मवर किंवा विचारतील तेव्हा "खाण्याचे पदार्थ आहेत" असं सांगून टाका. सांगितलं तर फार फार तर वस्तू काढून घेतात, लपवलं तर दंड होतो. आणि मुलाच्या खिशात शेंगदाणे-फुटाणे नकोत. या वयात ते घशात अडकतात, हलत्या विमानात तर जास्तच.

कागद एका पारदर्शक पाकिटात: तिघांचे पासपोर्ट, यजमानांच्या नोकरीच्या मंजुरीची आणि पासपोर्टची प्रत, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, लसीकरणाचं कार्ड. मुलं एका पालकाबरोबर जातायत, म्हणून वडिलांचं इंग्रजीतलं संमतीपत्र नोटरी करून ठेवा. ते सगळीकडे मागत नाहीत, पण मागितलं तर तिथे उभं राहून मिळवता येत नाही.

मुंबईला त्याच दिवशी पोचायचा बेत करू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला असतो. दुपारच्या गाडीप्रवासात, पुढे कसारा घाटाच्या वळणांवर, मुलं विमानात बसायच्या आधीच सुकून जातात. भुसावळहून आदल्या दिवशीच्या एसी गाडीने कल्याण किंवा ठाण्याला उतरा, नातेवाइकांकडे मुक्काम करा, मुलांना नीट जेवू-झोपू द्या. विमानाच्या चार तास आधी विमानतळावर असा, कारण लहान बाळ असलं की बहुतेक वेळा कागद काउंटरवरच तपासतात. बाळासोबत एकट्या आहात, मदत हवी, असं कंपनीला दोन दिवस आधी कळवा. मुंबईत पैसे भरून मदतनीसही मिळतो. तो खर्च करा, आमच्या मते सगळ्या खर्चांत हा पहिला.

यजमानांना आत्ताच सांगा, की दोन कार सीट आदल्या दिवशीच गाडीत बसवून ठेवायच्या. न्यू जर्सीत दोन वर्षांखालच्या आणि ३० पौंडांहून हलक्या बाळाला मागे तोंड असलेल्या सीटवरच बसवावं लागतं. मांडीवर घेऊन विमानतळाबाहेर गाडी काढता येत नाही. ते तुम्हाला कस्टम्स ओलांडल्यावरच भेटतील, तोवर आत येऊ शकत नाहीत.

पोचल्यावर पहिले चार ते सात दिवस मुलं रात्री दोन-तीनला टक्क जागी होतील. मे महिन्यात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते, म्हणजे तेव्हा गावाकडे भर दुपार. दिवे मंद ठेवा, थोडं खाऊ घाला, टीव्ही-मोबाइल नको. दुपारी ती गाढ झोपतील, पण दीड तासाने उठवून उन्हात बाहेर न्या. आजीला व्हिडिओ कॉल रात्रीच्या जागरणात लावू नका, मुलं आणखी ताजीतवानी होतात. सकाळी आठला लावा. यावलला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात आणि सासूबाईही अंगणात निवांत बसलेल्या असतील.